तीन पेनीचा चहा: बॉस्टन, डिसेंबर १७७३

१७७३ च्या नोव्हेंबरअखेर बॉस्टनच्या बंदरात जो चहा येऊन लागला, तो त्या गावाने आजवर सरळ मार्गाने घेतलेल्या चहापेक्षा स्वस्त होता. चोरट्या वाटेने येणाऱ्या डच चहाशीही भावात टक्कर देईल इतका स्वस्त. त्यावरचा कर सहा वर्षांपूर्वीचाच होता, रतलाला (म्हणजे अर्ध्या किलोहून थोड्या कमी वजनाला) तीन पेनी. तो वाढवला नव्हता. तरीही १६ डिसेंबरच्या रात्री गावातल्या शे-दीडशे माणसांनी तो सगळा समुद्रात ओतला, आणि त्यानंतर सोळा महिन्यांत गोळ्या झाडल्या गेल्या.

शाळेत हा धडा ‘जुलमी कर’ या दोन शब्दांत आटोपतो. आकडे पाहिले तर मात्र जुलूम हाती लागत नाही. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींतला माणूस इंग्लंडमधल्या माणसाच्या मानाने फारच थोडा कर भरत होता. सरकारने एकदा काकवीवरचा कर निम्मा केला, एकदा अख्खा कायदा मागे घेतला, एकदा पाचपैकी चार वस्तूंवरची जकात उठवली, आणि शेवटी चहा स्वस्त केला. दर वेळी भांडण आणखी चिघळले. हे कसे झाले ते समजून घ्यायचे, तर करापेक्षा करामागच्या हक्काचा हिशेब मांडावा लागतो. हे प्रकरण त्यासाठी घेतले आहे.

कर्ज, काकवी आणि मुद्रांक

सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले. फ्रान्सकडून कॅनडा मिळाला, पण ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन तेरा कोटी पौंडांच्या घरात गेले. शिवाय नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक कायम ठेवायचे ठरले. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हा हिशेबी माणूस. त्याचे म्हणणे असे की ज्यांच्या रक्षणासाठी फौज ठेवायची, त्यांनी तिच्या खर्चाचा काही वाटा उचलावा. मला तरी हे म्हणणे तेव्हाही गैर वाटले नसते. वसाहतवाल्यांचा सवाल वेगळा होता: फ्रेंच तर गेले, मग आता ही फौज नेमकी कोणावर नजर ठेवायला?

१७६४ मध्ये परदेशी काकवीवरची जकात गॅलनला सहा पेनीवरून तीन पेनीवर आणली. काकवीपासून रम बनायची आणि न्यू इंग्लंडचा व्यापार रमवर चालायचा. सहा पेनीचा जुना दर १७३३ पासून कागदावर होता. वसूल कोणी करत नव्हते, अधिकाऱ्याच्या हातावर काही टेकवले की जहाज मोकळे. ग्रेनव्हिलने दर निम्मा केला आणि वसुली खरोखर सुरू केली. व्यापाऱ्यांना झोंबला तो दर कमी होऊन वसुली सुरू झाल्याचा प्रकार. सवलत म्हणून दिलेली गोष्ट समोरच्याला लूट वाटली, आणि पुढची दहा वर्षे हेच होत राहिले.

मग २२ मार्च १७६५ रोजी मुद्रांक कायदा मंजूर झाला. कोर्टाचे कागद, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, पदवीची प्रमाणपत्रे, अगदी पत्त्यांचे जोड आणि फासेसुद्धा शिक्क्याच्या कागदावाचून चालणार नव्हते. अपेक्षित उत्पन्न होते वर्षाला साठ हजार पौंड, म्हणजे साम्राज्याच्या मानाने किरकोळ. पण ग्रेनव्हिलच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. या कराचा चिमटा वकिलांना, छापखानेवाल्यांना, पाद्र्यांना आणि गुत्तेवाल्यांना एकाच वेळी बसणार होता. म्हणजे गावात जे जे बोलतात, लिहितात आणि जिथे बसून बोलले जाते, त्या सगळ्यांना. राज्यकर्त्याने कर बसवताना टाळावीत अशी ही मंडळी, आणि त्याने नेमकी तीच निवडली. शिवाय हा कर पौंडात भरायचा होता, आणि वसाहतींत नाण्यांची आधीच चणचण.

१४ ऑगस्ट १७६५ रोजी बॉस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एका एल्मच्या झाडाला टांगलेला दिसला. संध्याकाळी मिरवणूक निघाली, त्याची कचेरी पाडली गेली, आणि ऑलिव्हरने पद सोडण्याचे कबूल केले. बारा दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सनचे घर भिंतींपर्यंत उघडे केले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. हचिन्सन बॉस्टनमध्येच जन्मलेला, जुन्या घराण्यातला, स्वतःच्या प्रांताचा इतिहास लिहिणारा. मुद्रांक कायदा शहाणपणाचा नाही असे त्याचे खासगी मत होते. ते जमावाला ठाऊक नव्हते, आणि असते तरी फरक पडला नसता.

इथे थोडे आडवळण. ऑलिव्हरचा पुतळा टांगला गेला त्याच्या दोनच दिवस आधी, १२ ऑगस्ट १७६५ रोजी, अलाहाबादेत बादशहा शाह आलमने रॉबर्ट क्लाइव्हला बंगाल, बिहार आणि ओडिशाची दिवाणी दिली. कोट्यवधी रयतेचा सारा गोळा करण्याचा हक्क एका व्यापारी कंपनीला एका फर्मानाने मिळाला. तिथे रयतेची संमती कोणी विचारली नाही, आणि विचारायची असते हेही कोणाच्या मनात आले नाही. बॉस्टनमध्ये साठ हजार पौंडांसाठी पुतळा टांगला गेला. ही दोन टोके आठ वर्षांनी एकाच जहाजावर भेटली.

हक्क सोडायचा नाही

ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे सत्तावीस प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. एरवी एकमेकांशी हद्दींवरून भांडणारे हे प्रांत प्रथमच स्वतःहून एकत्र बसले. त्यांचा ठराव असा की कर बसवायचा हक्क फक्त आमच्या प्रांतिक सभांना आहे, कारण आमचे प्रतिनिधी तिथे बसतात, लंडनला नाही. पार्लमेंटमध्ये आम्हाला जागा द्या, अशी त्यांची मागणी नव्हती. इतक्या लांबून तिथे प्रतिनिधित्व शक्यच नाही, असे त्यांनी त्याच ठरावात लिहिले. ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ ही घोषणा आज वाचताना ही बारीक गोष्ट सुटते. चार-दोन जागा देऊन हे भांडण मिटले असते असे म्हणणाऱ्यांनी तो ठराव वाचलेला नसतो.

लंडनचे उत्तरही अगदीच पोकळ नव्हते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या वाढत्या शहरांचाही पार्लमेंटमध्ये स्वतःचा सभासद नव्हता, आणि ती शहरे कर भरत होती. सभासद साऱ्या साम्राज्याचा असतो, एका गावाचा नव्हे, असे तिथले तत्त्व. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर माणसे एकच भाषा बोलत होती आणि ‘प्रतिनिधी’ या शब्दाचे दोन अर्थ धरून बसली होती.

व्यापाऱ्यांनी इंग्लिश माल मागवणे थांबवले. त्याची झळ लंडन आणि ब्रिस्टलच्या पेढ्यांना लागली आणि त्यांनीच पार्लमेंटकडे गाऱ्हाणे नेले. १८ मार्च १७६६ रोजी मुद्रांक कायदा रद्द झाला. त्याच दिवशी दुसरा एक छोटा कायदा मंजूर झाला: वसाहतींवर ‘कोणत्याही आणि सर्व बाबतींत’ कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. म्हणजे कर सोडला, हक्क ठेवला. उमरावांच्या सभागृहात या अधिकाराच्या ठरावाला विरोध करणारे फक्त पाच जण निघाले. त्या पाचांत सत्तावीस वर्षांचा एक तरुण लॉर्ड होता, चार्ल्स कॉर्नवॉलिस. होय, तोच.

बॉस्टनमध्ये रोषणाई झाली. त्या छोट्या कायद्याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही.

पुढच्याच वर्षी अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. अपेक्षा वर्षाला चाळीस हजार पौंडांची. पण पैसा कशावर खर्चायचा ते पाहा: वसाहतींतले गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार. आजवर हे पगार प्रांतिक सभा देत. गव्हर्नर लंडनचा, पण त्याचा महिना बॉस्टनच्या हाती, ही त्या व्यवस्थेतली खरी वेसण होती. ती आता सुटणार होती. रतलाला तीन पेनी कोणाला जड जात नव्हते. त्या तीन पेनीतून गव्हर्नर मोकळा होत होता. सबंध प्रकरणात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हा तपशील, आणि गोष्ट सांगताना नेमका तोच गळतो.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला. बायका सूत कातायला एकत्र बसू लागल्या, घरच्या जाड्याभरड्या कापडाला प्रतिष्ठा आली, चहाऐवजी झाडपाल्याचे काढे पिऊन ‘छान लागतो’ म्हणण्याची रीत पडली. (स्वदेशीचे व्रत घेऊन खादी नेसणारे पुण्याचे सार्वजनिक काका आणि १९०५ ची पुण्यातली परदेशी कपड्यांची होळी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.) १७६९ पर्यंत वसाहतींकडे जाणारा ब्रिटिश माल एक तृतीयांशाहून अधिक घटला. दरम्यान ऑक्टोबर १७६८ मध्ये बॉस्टनमध्ये सैन्य उतरले होते. ५ मार्च १७७० च्या रात्री कस्टम हाउससमोर जमावाने बर्फाचे गोळे आणि शिव्या फेकल्या, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आणि पाच जण गेले. सैनिकांचे वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतले आणि बहुतेकांना सोडवलेही.

त्याच ५ मार्चला, या बातमीचा गंधही नसताना, लंडनमध्ये नवा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ जकात उठवण्याचा प्रस्ताव मांडत होता. चार वस्तूंवरची जकात उठली. चहावरची राहिली. ती ठेवायचा निर्णय आधीच्या वर्षी, १ मे १७६९ रोजी, मंत्रिमंडळात पाच विरुद्ध चार मतांनी झाला होता. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर काय, हा खेळ इतिहासात खेळू नये म्हणतात. इथे तो मोह आवरत नाही. चहा ठेवला तो उत्पन्नासाठी कमी आणि निशाणी म्हणून जास्त. जमीन विकली, पण बांधावर आपला एक दगड राहू दिला, तसा.

पुढची तीन वर्षे मात्र शांततेत गेली. एक कबुली द्यायला हवी: या काळात बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी कर भरून बराच चहा गुपचूप उतरवून घेतला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात चोरटा डच चहा चालायचा, म्हणून तिथले लोक तत्त्वनिष्ठ दिसत. दगड बांधावर होता, आणि लोक त्याला वळसा घालून शेत कसत होते.

कंपनीची गोदामे

तो दगड पुन्हा डोळ्यांवर आला तो ईस्ट इंडिया कंपनीमुळे. बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनीचे भागधारक हुरळले, लाभांश फुगला, आणि १७६७ पासून कंपनीने सरकारला वर्षाला चार लाख पौंड द्यायचे कबूल केले. मग १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली, गावे ओस पडली. कंपनीने सारा कमी केला नाही. तरी हिशेब जुळेना. १७७२ मध्ये लंडनच्या बाजारात पेढ्या बुडू लागल्या आणि कंपनीला देणी भागवता येईनात. गोदामांत मात्र सुमारे पावणेदोन कोटी रतल चहा पडून होता. हा चहा चीनचा. भारतात चहाचे मळे व्हायला अजून साठेक वर्षे होती, त्यामुळे बॉस्टनच्या पेटाऱ्यांत आसामची पाने शोधू नयेत.

सरकारने तोडगा काढला. कंपनीला चौदा लाख पौंड कर्ज, त्याबदल्यात तिच्या कारभारावर नियंत्रण (याच १७७३ च्या कायद्याने वॉरन हेस्टिंग्ज पहिला गव्हर्नर जनरल झाला), आणि चहाचा साठा संपवण्यासाठी वेगळा चहा कायदा. आजवर कंपनी लंडनमध्ये लिलाव करी, तिथले व्यापारी चहा घेत, ते अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना विकत. आता इंग्लंडमधली जकात पूर्ण परत मिळणार आणि कंपनीने आपल्या निवडक अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकायचे. मधले दलाल गेले, भाव पडला.

चर्चेत विल्यम डाउड्सवेल नावाच्या सभासदाने नॉर्थला साफ सांगितले की ते तीन पेनी काढून टाका, नाहीतर ते लोक चहा घेणार नाहीत. नॉर्थने ऐकले नाही. त्याचा हिशेब असा: कर असूनही चहा स्वस्तच पडतो, मग कोण कशाला तक्रार करील? गिऱ्हाईक स्वस्ताईला भुलते, हे त्याने धरून चालले. ते पुष्कळदा खरेही असते.

पण या एका कायद्याने चार वेगवेगळ्या माणसांना एका बाकावर बसवले. सरळ व्यापारी, ज्याला अडत मिळाली नाही. तस्कर, ज्याचा माल आता महाग ठरणार. राजकारणी, ज्याला गव्हर्नरचा पगार खुपत होता. आणि साधा माणूस, ज्याला वाटले की आज चहा, उद्या दुसरे काही, सगळा बाजार एका कंपनीच्या घशात. फिलाडेल्फियात ‘रस्टिकस’ या टोपणनावाने निघालेल्या पत्रकात बंगालच्या दुष्काळाचा दाखला होता: या कंपनीने तिकडे धान्य अडवून पंधरा लाख माणसे मारली, आता तिची नजर आपल्यावर आहे. आपल्याकडच्या मुर्शिदाबादच्या उपाशी माणसांचा उल्लेख त्या काळी अमेरिकेतल्या कागदावर छापला जात होता. त्यात कळवळा किती आणि सोय किती, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

वीस दिवस

सात जहाजांतून सुमारे सहा लाख रतल चहा चार बंदरांकडे निघाला: बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन. चारही ठिकाणी कायदा एक, कर एक, चहा एक. निकाल मात्र वेगवेगळे लागले, आणि अभ्यासाला हीच गोष्ट उपयोगी पडते.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात अडत्यांनी दबावाखाली अंग काढून घेतले आणि जहाजे माल न उतरवता परत गेली. चार्ल्सटनमध्ये मुदत संपल्यावर कस्टमवाल्यांनी चहा जप्त करून तळघरात टाकला; पुढे क्रांतिकारक सरकारने तोच विकून युद्धाचा खर्च भागवला. चहा ओतावा लागला तो बॉस्टनलाच, कारण तिथे कोणालाच मागे सरता येईना.

‘डार्टमथ’ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबरला, रविवारी आले. मागोमाग ‘एलेनॉर’ आणि ‘बीव्हर’. चौथे ‘विल्यम’ केप कॉडच्या किनाऱ्याला लागून फुटले. नियम असा की जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली पाहिजे, नाहीतर कस्टमवाले माल जप्त करणार. ‘डार्टमथ’ची मुदत १६ डिसेंबरच्या मध्यरात्री भरत होती. जप्त माल लिलावात जाणार, जकात वसूल होणार, म्हणजे हक्क शाबीत होणार.

गावाचे म्हणणे, चहा आला तसा परत न्या. जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच, तेविशीतला पोरगा, त्याला परत न्यायला हरकत नव्हती. पण जकात न भरता कस्टम परवाना देईना, परवान्यावाचून गव्हर्नर दाखला देईना, आणि दाखल्यावाचून निघाले तर बंदराच्या तोंडाशी किल्ल्याच्या तोफा. गव्हर्नर आता कोण, तर टॉमस हचिन्सन. आणि चहाच्या अडत्यांत त्याचे दोन मुलगे. बाकीच्या बंदरांत अडते घाबरून सुटले; इथे ते किल्ल्यात जाऊन बसले, बापाच्या भरवशावर. हचिन्सनच्या डोळ्यांपुढे आठ वर्षांपूर्वीचे आपले मोडलेले घर असणार. तेव्हा नमते घेतले म्हणून हे दिवस आले, असे त्याला वाटत होते. या वेळी कायदा अक्षराला अक्षर पाळायचा.

म्हणजे सगळेच कायद्याने वागत होते. रॉच, कस्टमवाले, गव्हर्नर, सगळे. आणि कायद्याने वागून वागून गाडी दरीच्या कडेवर आली.

१६ डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात सुमारे पाच हजार माणसे जमली. गावाची वस्ती तेव्हा सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतूनही लोक आलेले. बाहेर पाऊस. रॉचला शेवटचा प्रयत्न म्हणून हचिन्सनकडे मिल्टनला धाडले. तो अंधार पडल्यावर परतला: दाखला मिळाला नाही. गावाचा पुढारी सॅम्युएल ॲडम्स उठून म्हणाला की ही सभा आता देश वाचवण्यासाठी आणखी काही करू शकत नाही. थोड्या वेळात आरोळ्या उठल्या आणि लोक ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाले. काहींनी अंगावर घोंगड्या आणि तोंडाला काजळी फासून अमेरिकेतल्या मूळच्या मोहॉक जमातीचे असल्याचे सोंग घेतले होते. या सोंगाला कोणी फसणार नव्हते. पण उद्या ‘तुला ओळखले नाही’ म्हणायची सोय झाली.

तीन तासांत ३४० च्या वर पेटारे फोडले गेले. ९२ हजार रतलांहून अधिक चहा, म्हणजे चाळीसेक टन. ओहोटी असल्यामुळे पाणी इतके उथळ होते की चहाचे ढीग गवताच्या गंजीसारखे जहाजाच्या कडेला साचू लागले आणि पोरांना ते तुडवून पाण्यात ढकलावे लागले. एवढ्या गडबडीत दुसऱ्या कशाला हात लागला नाही. एक कुलूप मोडले, ते भरून दिले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरायचा प्रयत्न केला, त्याला तिथेच कपडे उतरवून पिटाळला. शेवटी डेक झाडून काढले. मला या रात्रीत सर्वात बोलके वाटते ते हे झाडणे. आम्ही लुटारू नाही, आमचे भांडण फक्त एका मालाशी आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

कंपनीने नुकसान मांडले ९,६५९ पौंड. सगळ्या वसाहतींना हे आवडले असे समजू नका. जॉर्ज वॉशिंग्टनला मालाची नासाडी मान्य नव्हती, बेंजामिन फ्रँकलिनने भरपाई द्यावी असे सुचवले. नॉर्थने इथे थांबून भरपाईचा दावा लावला असता तर बॉस्टन एकटे पडण्याचा संभव मोठा होता.

सगळ्यांना शिक्षा

नॉर्थने बॉस्टनचे बंदर बंद केले. १ जून १७७४ पासून, कंपनीची भरपाई होईपर्यंत. शे-दीडशे माणसांच्या कृत्याबद्दल सोळा हजारांचा घास काढला. त्याला जोडून आणखी कायदे आले: मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून प्रांताच्या सल्लागार मंडळाच्या नेमणुका राजाकडे, गावसभांना गव्हर्नरची परवानगी, आणि सरकारी अधिकाऱ्यावर खुनाचा खटला झाल्यास तो दुसरीकडे नेण्याची मुभा. १७६६ च्या त्या छोट्या कायद्यातले ‘सर्व बाबतींत’ हे शब्द आता प्रत्यक्ष दिसू लागले. पैशाची गोष्ट मागे पडली. व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्याला बॉस्टनच्या चहाशी देणेघेणे नव्हते. पण एका प्रांताची सनद अशी कागदासारखी फाडता येत असेल तर आपलीही फाडता येईल, हे त्याला कळले. कनेक्टिकटमधून मेंढ्या आल्या, दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात बसले. १९ एप्रिल १७७५ रोजी कॉन्कॉर्डमधला दारूगोळा ताब्यात घ्यायला निघालेल्या सैन्यावर लेक्सिंग्टनपासून परतीच्या वाटेपर्यंत गोळीबार झाला आणि ७३ ब्रिटिश सैनिक मेले.

यानंतरही स्वातंत्र्य ही मागणी व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. जुलै १७७५ मध्ये राजाकडे विनवणीचा अर्ज गेला. राजाने ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केले. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनच्या पुस्तिकेने राजाचीच गरज काय असा साध्या भाषेत प्रश्न टाकला, आणि ती हातोहात खपली. (पेनचे लिखाण पुढे पुण्यात ज्योतिराव फुल्यांनी वाचले.) ४ जुलैच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध सत्तावीस गाऱ्हाणी आहेत. संमतीवाचून कर लादल्याचे गाऱ्हाणे त्यात आहे, पण एका ओळीचे, आणि यादीत बरेच खाली.

‘संमती’ हा शब्द लिहिणाऱ्यांच्या घरांत आणि शेतांत गुलाम राबत होते. वसाहतींतल्या सुमारे पंचवीस लाख वस्तीत पाचातला एक माणूस गुलाम होता, आणि त्याची संमती कोणी मागितली नाही. ती गोष्ट सुटायला दुसरे युद्ध लागले. चहा बुडाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १८७३ मध्ये, फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

१७७८ मध्ये पार्लमेंटने चहावरचे तीन पेनी रद्द केले आणि वसाहतींवर महसुलासाठी कर बसवणार नाही असे कायद्याने कबूल केले. १७६९ च्या मे महिन्यात पाचव्या मताने जे नाकारले ते, वर व्याजासकट. तोवर साराटोगाला एक अख्खी ब्रिटिश फौज शरण गेली होती आणि फ्रान्स युद्धात उतरला होता. ते घ्यायला कोणी उरले नव्हते.

पुणे, यॉर्कटाउन, कलकत्ता

या युद्धाचे पाणी आपल्या अंगणातही आले. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नाना फडणिसांनी त्याचा सत्कार केला आणि मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. साराटोगाची बातमी कलकत्त्याला पोहोचली तेव्हा हेस्टिंग्जने धरले ते असे: पश्चिमेत इतका मार बसला असेल तर पूर्वेत भरून काढलेच पाहिजे. बंगालची फौज त्याने आधीच जमिनीवरून थेट पश्चिम किनाऱ्याकडे धाडली होती; ती त्याने परत बोलावली नाही. ती पोहोचायच्या आत मुंबईकरांनी घाई केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला नाक घासले. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला. इंग्रज तेव्हा मराठ्यांशी, हैदर अलीशी, फ्रेंचांशी आणि अमेरिकनांशी एकाच वेळी लढत होते.

सालबाईच्या सात महिने आधी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, यॉर्कटाउनला ब्रिटिश सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. सेनापती होता चार्ल्स कॉर्नवॉलिस. पार्लमेंटला असा हक्क नाही असे मत देणाऱ्या पाचांतला एक, त्याच हक्कासाठी लढून हरलेला. तब्येत बरी नाही असे सांगून तो शरणागतीच्या वेळी स्वतः आला नाही, आपल्या दुय्यमाला पाठवले.

पाच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. २२ मार्च १७९३ रोजी, मुद्रांक कायद्याला बरोबर अठ्ठावीस वर्षे झाली त्या दिवशी, त्याने बंगालचा सारा कायमचा ठरवून टाकल्याची घोषणा केली. रक्कम ठरली, भरणारे जमीनदार ठरले, हप्त्याच्या तारखा ठरल्या. ज्यांच्या शेतातून तो पैसा यायचा होता त्यांना विचारण्याचा प्रश्न त्या घोषणेत कुठेच नव्हता.